तीन गाड्या, एक पायरी: ब्रेकची पकड आणि डिफ लॉक

पहिली गाडी अडकली तेव्हा तिच्यात बिघाड असा काहीच नव्हता. इंजिन ठणठणीत, टायर चांगले, फोर व्हील ड्राइव्ह लावलेला. पुढचं डावं चाक जमिनीपासून वीतभर वर गरगरत होतं, मागचं उजवं खड्ड्यावर लोंबत फिरत होतं, आणि ज्या दोन चाकांवर सगळा भार होता ती मात्र ढिम्म. मी वरच्या काठावरून हाताने खुणा करत होतो. चालकाने काच खाली केली आणि विचारलं, "फोर बाय फोरच आहे ना रे ही?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधण्यात आमचा अर्धा दिवस गेला. त्याच जागेवर तीन वेगळ्या गाड्या तीन वेगळ्या तऱ्हेने अडकल्या आणि सुटल्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

जागा अशी: कोरड्या ओढ्यातून बाहेर पडणारी साधारण १२ मीटरची चढण. मोबाइलवर मोजलेला उतार १८ अंश. वर सैल मुरूम, खाली खडक. मध्यावर उजव्या अंगाला ३५ सेंटिमीटरची खडकाची पायरी आणि तिच्या मागे, गाडीच्या लांबीइतक्याच अंतरावर, डाव्या अंगाला एक उंचवटा. पुढचं उजवं चाक पायरीवर चढतं त्याच क्षणी मागचं डावं चाक उंचवट्यावर येतं. चौकोनी टेबलाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांखाली विटा ठेवाव्यात तसं. उरलेल्या कर्णातली दोन चाकं हवेत जातात. चढण संपली की पुढे दोनेकशे मीटर खोल चाकोऱ्यांचा रस्ता, कमी चढाचा पण सतत वरखाली.

पहिल्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे साधं ओपन डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच (थोडक्यात डिफ), पण सोबत ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरणारं चाक आपोआप आवरणारी प्रणाली. दुसरीला मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या जोडीवर, बटणाने लागणारा डिफ लॉक. तो लावला की तिचं ट्रॅक्शन कंट्रोल चारही चाकांवर बंद होतं, हे पुढे महत्त्वाचं ठरलं. तिसरी गाडी जुनी, ना संगणक ना लॉक, मालकही वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे, त्यांना सगळेच काका म्हणतात. पहिल्या दोन गाड्या चालकासह १,८०० किलोच्या घरातल्या, टायर एकाच मापाचे.

डिफचं गणित

ओपन डिफबद्दल एक समज फार घट्ट बसलेला आहे: ज्या चाकाला पकड नाही त्याला डिफ सगळी ताकद देऊन टाकतं. तसं होत नाही. आतल्या स्पायडर गिअरची रचनाच अशी आहे की दोन्ही बाजूंना टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, समसमान जातो. चाकांचा वेग वेगळा असू शकतो, टॉर्क वेगळा असू शकत नाही. गोची इथेच आहे. हवेतलं चाक फिरवायला टॉर्क जवळजवळ लागतच नाही, आणि त्याला लागेल तेवढाच पलीकडच्या चाकाला मिळतो. म्हणजे गरगरणारं चाक ताकद खात नाही, ते ताकद निर्माणच होऊ देत नाही. इंजिनाला ओझंच जाणवत नाही, म्हणून ते मजेत फिरत बसतं.

इलाज दोन. डिफचं कामच थांबवायचं, म्हणजे लॉक लावून दोन्ही ॲक्सल शाफ्ट एकाच वेगाने फिरायला भाग पाडायचे. मग टॉर्क जिथे अडेल तिथे जातो, वेळ पडली तर सगळाच्या सगळा एका चाकाला. किंवा मग हवेतल्या चाकाला खोटं ओझं द्यायचं, म्हणजे फक्त त्याच चाकाचा ब्रेक दाबायचा. त्या चाकावर ८०० न्यूटन-मीटरचा ब्रेक बसला की डिफच्या लेखी तिथे ८००ची पकड आहे, आणि समसमान वाटपाच्या नियमाने दुसऱ्या बाजूलाही ८०० जातात.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना यात नवं काही नाही. मागच्या डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक पेडल वेगवेगळे आणि डिफ लॉकचं पेडल टाचेखाली, असे दोन्ही इलाज त्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मोटारींमध्ये वेगळ्या पेडलचं काम एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या प्रणालीचा, पंप करतो. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर एबीएससाठी आधीच असतात. त्यांच्यावरून कुठलं चाक उगाच फिरतंय ते कळतं आणि पंप तेवढ्या एका कॅलिपरला (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) दाब देतो. चालकाचा पाय ब्रेकवर नसतोच.

पद्धत म्हणून ही जुगाडू वाटते, पण हे आडवळण नाही. मर्सिडीझची एम-क्लास १९९७ साली आली ती लॉकशिवाय, सगळी भिस्त ब्रेकवर ठेवून, तर त्याच घरातली जी-क्लास तीन लॉकच्या बटणांसाठी ओळखली जाते. नावांनी मात्र घोळ घातलाय. सुझुकी जिम्नीत याला 'ब्रेक एलएसडी' म्हणतात (एलएसडी म्हणजे दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादेत ठेवणारं डिफ), महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांत 'ब्रेक लॉकिंग डिफरन्शियल'. दोन्हींत काम ब्रेकचं आहे, डिफच्या आत काही लॉक होत नाही. गाडी घेताना कागदावर 'लॉकिंग' हा शब्द दिसला की आधी विचारावं, कुलूप नक्की कुठे आहे.

पहिली गाडी: चूक गिअरमध्ये होती

ट्रॅक्शन कंट्रोल असूनही पहिली गाडी का हलेना? आम्ही उतरून पाहिलं. चालकाने फोर हायमध्येच (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाचे गिअर) चढायला घेतलं होतं. "छोटीशी तर चढण आहे, लो कशाला?"

इथे आकडे मांडावेच लागतात. १,८०० किलोची गाडी १८ अंशांवर उभी धरायला सुमारे ५,४५० न्यूटन बल लागतं. सैल मुरमाचा रोलिंगचा विरोध धरला की ६,३००. चाकाची त्रिज्या ३७ सेंटिमीटर धरली तर चाकांपाशी एकूण २,३०० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क हवा. हा सगळा टॉर्क भार असलेल्या दोन चाकांनी जमिनीवर लावायचा आहे. पण ब्रेकच्या पद्धतीत जेवढा टॉर्क धरलेल्या चाकाला, तेवढाच हवेतल्या चाकाच्या ब्रेकमध्ये जळतो. म्हणजे इंजिनाकडून मागणी दुप्पट, साधारण ४,६५०.

आता गिअर. पहिला गिअर ४.२, ॲक्सलचं गुणोत्तर ३.९, गुणाकार १६.४. इंजिनाचा टॉर्क अगदी पूर्ण ३०० न्यूटन-मीटर धरला आणि वाटेत १५ टक्के गळती मानली, तरी चाकांपाशी ४,२०० सुद्धा होत नाहीत. म्हणजे फोर हायमध्ये ही गाडी तिथून निघणं गणितातच बसत नव्हतं. ब्रेक चावायला लागले की इंजिन गुदमरायचं, चालक क्लच दाबायचा, आणि मग क्लचचा तो ओळखीचा जळका वास. वर अनेक गाड्यांत हाय रेंजमध्ये प्रणाली ब्रेक लावता लावता इंजिनाची ताकदही कापते, कारण तिची समजूत असते की आपण डांबरी रस्त्यावर घसरतोय.

लो रेंज म्हणजे वेग कमी करून टॉर्क वाढवणारी जादा गिअरजोडी, तिचं गुणोत्तर २.५. एकूण गुणाकार ४१. मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर इंजिन २०० न्यूटन-मीटर देत असेल तरी गळती वजा जाता ७,००० च्या आसपास मिळतात. लागणार ४,६५०. प्रश्न मिटला.

तरी दुसरा प्रयत्नही फसला, आणि तो पायामुळे फसला. फोर लो, पहिला गिअर, चाकं हवेत गेली, गरगरली, आणि खालून घर्र-घर्र-घर्र असा आवाज सुरू झाला. पंप आणि कॅलिपर सेकंदाला कितीतरी वेळा दाबून सोडतात त्याचा हा आवाज. ज्याने तो कधी ऐकला नाही त्याला वाटतं खाली काहीतरी तुटलं. चालकाने दचकून ॲक्सिलरेटर सोडला. हा आवाज म्हणजे प्रणाली कामाला लागल्याची खूण असते, आणि नेमक्या त्याच क्षणी बहुतेक लोक पाय काढतात. ब्रेकचा दाब चढून टॉर्क पलीकडे पोचायला एक-दोन सेकंद लागतात. त्याआधी पाय काढला की सगळं शून्यावर.

"आवाज आला की पाय तिथेच ठेव. वाढवू नकोस, काढूही नकोस. मोजून तीन आकडे म्हण."

तिसऱ्या वेळी त्याने १,५००वर पाय धरला. घर्र-घर्र. गाडी थरथरली, मागचं डावं चाक एक बोटभर सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं, आणि मग पुढचं उजवं टायर पायरीच्या कडेवर वळकटीसारखं दबत वर गेलं. डौलदार म्हणता येणार नाही असं काही, पण गाडी वर होती.

दुसरी गाडी: लॉक लावूनही घसरली

लॉकवाला मित्र हे सगळं पाहून गालातल्या गालात हसत होता. त्याने आधीच, सपाटीवर, हळू चालताना बटण दाबून लॉक लावून घेतला. हे बरोबरच होतं. आतला डॉग क्लच म्हणजे एकमेकांत बसणारे दाते, ते चाकं वेगवेगळ्या वेगाने गरगरत असताना बसवायला गेलं तर दात्यांवर घाव बसतो. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला तेव्हाच तो निघाला.

पायरीपर्यंत गाडी एखाद्या रुळावरून जावी तशी गेली. थरथर नाही, आवाज नाही. आणि पायरीवर मागचं डावं चाक घसरलं. मुरमाचा फवारा उडाला आणि गाडी थांबली. त्याने दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेच.

आम्हाला सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण लॉक म्हणजे रामबाण अशी एक श्रद्धा असते. पण भार कुठल्या चाकावर किती, ते बघितलं की चित्र स्पष्ट होतं. चढावर गाडीचं वजन मागे झुकतं. साधारण हिशेबाने मागच्या डाव्या चाकावर १०,००० न्यूटन आणि पुढच्या उजव्यावर ६,५००. कोरड्या मुरमावर घर्षणाचा गुणांक ०.६५ धरला तर मागचं चाक जास्तीत जास्त ६,५०० न्यूटन रेटू शकतं, पुढचं ४,२००. लागणार ६,३००.

पहिल्या गाडीत दोन्ही ॲक्सलवर ब्रेक काम करत होते, म्हणून पुढचं आणि मागचं अशी दोन्ही चाकं रेटत होती. हातात एकूण १०,७००, खर्च ६,३००, भरपूर शिल्लक. दुसरीत लॉक फक्त मागे, आणि तो लावल्यामुळे पुढचं ट्रॅक्शन कंट्रोल बंद. पुढच्या ॲक्सलचा हिशेब शून्य. सगळी भिस्त मागच्या एका चाकावर, ६,३०० साठी ६,५००. एवढ्या काठावरच्या शिलकीत एखादा सैल खडा चाकाखाली आला की संपलं.

म्हणजे या एका पायरीपुरतं, चारही चाकांवरचं ब्रेक ट्रॅक्शन मागच्या एकट्या लॉकपेक्षा सरस ठरलं. पुढेही लॉक असता, किंवा मागचा लॉक लावूनही पुढचे ब्रेक जागे राहिले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. काही गाड्यांत तसं असतंही. आपल्या गाडीत लॉकचं बटण दाबल्यावर आणखी काय काय बंद होतं, हे मॅन्युअलमध्ये एकदा वाचून ठेवण्यासारखं आहे. अनेकांत एबीएसही बंद होतं.

मग टायरची हवा उतरवली. ३२ पीएसआयवरून १८. रेषा तीच, गिअर तोच, चालक तोच. टायर बसकं झालं, जमिनीला टेकणारा पट्टा लांब झाला, खड्यांवरून उड्या मारण्याऐवजी टायर त्यांना कवेत घेऊ लागलं. पहिल्याच प्रयत्नात गाडी वर. खरं तर ही हवा ओढ्यात उतरण्याआधीच तिन्ही गाड्यांची कमी करायला हवी होती. ती चूक माझी. वर गेल्यावर पुन्हा भरायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

काकांचा डावा पाय

तिसरी गाडी आली आणि काकांनी ठेवणीतली युक्ती काढली. चाकं हवेत गेली की उजव्या पायाने ॲक्सिलरेटर, डाव्या पायाने हळूच ब्रेक. ही युक्ती पुष्कळ जुनी आहे आणि शपथेवर सांगणारे पुष्कळ भेटतात. काकांनी तीन वेळा करून पाहिलं. चाकांचं गरगरणं मंदावलं, इंजिन कण्हायला लागलं, गाडी तसूभर पुढे नाही.

"काका, ब्रेक सोडा, गरम होतील नुसते."

"अरे, पूर्वी चालायचं की हे!"

पायाचा ब्रेक ॲक्सलच्या दोन्ही चाकांना सारखाच लागतो, ही मूळ अडचण. समजा प्रत्येक चाकावर ८०० न्यूटन-मीटरचा ब्रेक बसला. हवेतल्या चाकाचा ब्रेक ८०० मागतो, म्हणून डिफ पलीकडेही ८०० पाठवतं. पण पलीकडच्या चाकाचाही ब्रेक लागलेला आहे, तो तेच ८०० अडवतो. हाती शून्य. हँडब्रेकनेही तेच, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्या दोन्ही चाकांना एकदम ओढतो. जुन्या लँड रोव्हरसारख्या गाड्यांत तर हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. त्याला डावं-उजवं माहीतच नाही.

मग 'पूर्वी चालायचं' ते काय? डिफच्या आत घर्षण असेल तर चालतं. ओपन डिफमध्येही थोडंसं घर्षण असतं, तेवढ्यावर एखाद्या वेळी काठावरची गाडी निघते. खरा फरक पडतो तो टॉर्सन जातीच्या डिफमध्ये. ते कमी पकडीच्या बाजूला जेवढा टॉर्क असेल त्याच्या काही पट दुसऱ्या बाजूला देतं. अडीच पट धरा. ८००चा ब्रेक लागला की पलीकडे २,००० जातात, त्यातले ८०० तिथला ब्रेक खातो, तरी १,२०० उरतात. अमेरिकी लष्कराच्या हम्वी गाड्यांत असे डिफ आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या चालकांना ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र वापरायला रीतसर शिकवतात. युक्ती खरी आहे, फक्त ती त्या डिफची आहे. नव्या गाड्यांत तर करूच नये. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबलेले दिसले की त्यांचा संगणक अनेकदा इंजिनच मंद करतो.

काकांच्या गाडीसाठी आम्ही शेवटी अंगमेहनतीचा उपाय केला. मागच्या उजव्या चाकाखालच्या खड्ड्यात चपटे दगड रचले, चाक टेकेल इतके. दहा मिनिटं लागली. चाकाला जमीन मिळाली आणि गाडी कसलीही कुरकुर न करता वर आली. काका उतरून म्हणाले, "बघा, ना तुमचा ब्रेक ना तुमचा लॉक." यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

चाकोऱ्यांमध्ये बाजी पलटली

पुढच्या दोनशे मीटरांत उतार दहाएक अंशांचाच होता, पण खोल चाकोऱ्या आणि दगडांमुळे दर दोन-तीन मीटरांवर कुठलं ना कुठलं चाक सुटत होतं, जास्त करून मागचं उजवं. इथे एकटं मागचं चाक रेटायला पुरेसं होतं. चढ कमी, गरज ४,००० न्यूटनची. लॉकवाली गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरळ निघून गेली.

पहिल्या गाडीचं मात्र दर दोन मीटरांना तेच: चाक सुटतं, गरगरतं, घर्र-घर्र, धक्का, पुढे. ब्रेकच्या पद्धतीचा हा स्वभावच आहे. चाक आधी घसरावं लागतं, मग सेन्सरला कळतं, मग दाब येतो. तेवढ्या वेळात चाक मुरूम उकरतं आणि धरलेल्या चाकाला मिळणारी ताकद हिसक्याने मिळते. चालकाने वैतागून फेऱ्या २,५००पर्यंत वाढवल्या.

फेऱ्या वाढवल्याने टॉर्क विशेष वाढला नाही, उष्णता वाढली. धरलेलं चाक थांबलेलं असताना हवेतलं चाक डिफच्या दुप्पट वेगाने फिरतं. लो रेंजमध्ये २,५०० फेऱ्यांना ते मिनिटाला १२० फेऱ्यांच्या आसपास होतं. त्यावर ७३० न्यूटन-मीटरचा ब्रेक म्हणजे एकाच चाकावर ९ किलोवॅट. घरगुती इस्त्री साधारण एक किलोवॅटची असते. नऊ इस्त्र्या एका डिस्कला टेकवून ठेवल्या अशी कल्पना करा. आठ किलोची डिस्क असेल तर सलग मिनिटभरात तिचं तापमान दीडशे अंशांनी वाढतं, आणि गाडी जवळपास उभीच असल्याने वारा लागत नाही. रस्त्यावर ब्रेक तापतात तेव्हा पुढचा किलोमीटरभर ते थंड होत असतात. इथे तशी सोय नाही.

दीडशे मीटरवर डॅशबोर्डवर दिवा लागला आणि घर्र-घर्र बंद झाली. चाक गरगरतंय, ब्रेक लागतच नाही. चालकाला वाटलं सेन्सर गेला. सेन्सर ठीक होता. बऱ्याच गाड्यांत संगणक किती दाब किती वेळ दिला यावरून ब्रेकच्या तापमानाचा हिशेब ठेवतो आणि हिशेब हद्दीबाहेर गेला की ब्रेक वाचवण्यासाठी ट्रॅक्शन कंट्रोल काढून घेतो. उजव्या मागच्या चाकाजवळ गेलं तर तापलेल्या पॅडचा तिखट वास येत होता. चाकांखाली दगड लावून, हँडब्रेक न ओढता, गाडी पंचवीस मिनिटं उभी ठेवली. दिवा गेला, राहिलेला रस्ता त्याने कमी फेऱ्यांवर काढला.

लॉकवाल्याचंही सगळं गोड नव्हतं. एका वळणावर त्याची गाडी वळेचना. मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरत असल्याने गाडी सरळ जायचा हट्ट धरते, पुढची चाकं वळवूनही नाक दरडीकडे. त्याने बटण बंद केलं तरी दिवा जाईना. दाते टॉर्कखाली दाबले गेले की सुटत नाहीत. हातभर मागे घेऊन स्टिअरिंग डावं-उजवं हलवल्यावर 'टक' असा बारीक आवाज झाला आणि लॉक सुटला.

त्याच्या पुढे एक आडवा उतार होता. तिथे त्याने लॉक पुन्हा लावला आणि मागचा भाग हातभर खाली सरकला. ओपन डिफमध्ये एक चाक गरगरत असेल तर दुसरं निदान स्थिर राहून बाजूला धरून ठेवतं. लॉकमध्ये घसरली तर दोन्ही एकदम घसरतात, आणि घसरणारं टायर बाजूलाही धरत नाही. आडव्या उतारावर लॉक लावताना मी तरी दहादा विचार करीन.

शाफ्टचाही विचार हवा. पायरीवर मागच्या डाव्या शाफ्टवर एकट्याने २,४०० न्यूटन-मीटर आले होते. ब्रेकच्या पद्धतीत तो भार पुढे-मागे वाटला जाऊन एका शाफ्टवर साधारण ११०० ते १२०० आला असता. लॉक लावून चाक हवेत जोरात फिरत असताना एकदम खडकावर आपटलं तर शाफ्ट तुटतो तो याच कारणाने. पुढच्या ॲक्सलला लॉक असेल आणि चाकं पूर्ण वळवलेली असतील तर आधी सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा, जातो.

उतरताना

परतीला तीच पायरी उलट दिशेने. तिन्ही गाड्या फोर लो, पहिला गिअर, इंजिन ब्रेकिंगवर. पहिली गाडी पायरीवर आली, तीच दोन चाकं हवेत गेली आणि गाडी एकदम सुटल्यासारखी धावली. ओपन डिफ उतरतानाही तेच करतं: इंजिन जो अडसर घालतं तो हवेतल्या चाकातून निसटून जातो, ते चाक थांबतं किंवा उलटं फिरतं आणि धरलेलं चाक मोकळं पळतं. लॉकवाल्या गाडीत हे झालं नाही, मागची दोन्ही चाकं इंजिनाला बांधलेली होती.

पहिल्याच्या चालकाने ब्रेक दाबला. पेडल नेहमीपेक्षा खूप खोल गेलं, मऊ, स्पंजसारखं. दुसऱ्यांदा दाबल्यावर धरलं. गाडी पायरीखाली मुरमात थांबली, पण त्या दोन सेकंदांत आम्हा सगळ्यांचा श्वास अडकला होता. ज्या ब्रेकना वर चढताना तापवलं होतं त्यांच्यावरच आता उतरायचं होतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याची चाकं काढली. उजव्या मागच्या डिस्कवर निळसर झाक, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत. ब्लीड निपल (ब्रेक ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी) सैल केला तेव्हा आलेलं ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी होतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावलेल्या अवस्थेत ती मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. कॅलिपरमध्ये ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबल्यावर आपण ते बुडबुडे दाबत बसतो.

मागच्या ॲक्सलला लॉक बसवून घ्यावा का, असं तो चाकं काढता काढता विचारत होता. मी त्याला ऑइलची बाटली दाखवली आणि म्हटलं, आधी हे बदल, मग पॅड, मग १८ पीएसआयवर तीच चढण पुन्हा करून बघ. लॉकचं नंतर बोलू.